उतरत्या हिवाळ्यातले डोंगर: कोरमंगलाहून पहाटेच का निघायचे?

प्रस्तावना

महाराष्ट्रात आपण म्हणतो, 'होळी जळाली, थंडी पळाली'. कर्नाटकात सांगतात की शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते आणि होळी फाल्गुन पौर्णिमेला. दोन्हींत साधारण पंधरवड्याचे अंतर आहे. या दोन म्हणींमध्ये भूगोलाचा एक धडा दडलेला आहे. जसजसे दक्षिणेकडे जावे तसतसा उन्हाळा लवकर सुरू होतो.

शिक्षणासाठी किंवा इंटर्नशिपसाठी बंगळुरूला आलेल्या मराठी विद्यार्थ्याचा या हिशेबात नेहमी घोटाळा होतो. कोरमंगलातल्या पीजीत रात्री अजून चादर लागत असते. म्हणून तो मनाशी म्हणतो, 'हिवाळा आहे, सावकाश नाश्ता करून डोंगरावर जाऊ.' सह्याद्रीतल्या डिसेंबरच्या ट्रेकची त्याला सवय असते. मग साडेअकराला तो सावनदुर्गाच्या उघड्या कातळावर असतो, पाण्याची बाटली संपलेली असते आणि सावलीला एक झाड नसते.

या टिपणात आपण संक्रांतीपासून होळीपर्यंतच्या काळाचा, म्हणजे उतरत्या हिवाळ्याचा विचार करणार आहोत. बंगळुरूजवळच्या डोंगरांवर जाण्यासाठी हा वर्षातला फार सुंदर काळ आहे. पण जी कोरडी, स्वच्छ आणि शांत हवा पहाट सुंदर करते, तीच दुपार धोक्याची करते आणि जंगल पेटण्याजोगे करते. या एकाच कारणाचे दोन परिणाम समजले, की आनंद कसा घ्यायचा आणि कधी थांबायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

हे टिपण वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता याव्यात:
१. दरीत धुके आणि माथ्यावर ऊन असे चित्र कसे तयार होते.
२. ते फेब्रुवारीअखेर का विरळ होते.
३. बंगळुरूजवळचे कातळी डोंगर सह्याद्रीपेक्षा वेगळे का आहेत.
४. वणव्याचा हंगाम कधी सुरू होतो आणि त्यात कसे वागावे.

१. हे डोंगर कोणते?

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून साधारण ९०० ते ९५० मीटर उंचीवरच्या पठारावर वसलेले आहे. कोरमंगला हा या पठाराचा आग्नेयेकडे उतरणारा भाग. इथले पावसाचे पाणी कोरमंगला खोऱ्यातून बेळ्ळंदूर तलावात, तिथून वर्तूर तलावात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. ही दक्षिण पिनाकिनी उगम पावते ती शहराच्या उत्तरेला, नंदी डोंगरांच्या परिसरात. म्हणजे तुम्ही ज्या डोंगरावर सूर्योदय पाहायला जाता, त्याच भागात उगवलेल्या नदीला तुमच्या गल्लीतले पाणी जाऊन मिळते.

शहरापासून साधारण ५० ते ७० किलोमीटरच्या टप्प्यात अनेक डोंगर आहेत. उत्तरेला चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात नंदी डोंगर आहे. त्याची उंची १,४७८ मीटर असून वरपर्यंत रस्ता जातो. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे. जवळच स्कंदगिरी आहे, तिथे मात्र पायीच चढावे लागते. पश्चिमेला मागडीजवळ सावनदुर्ग आहे. काळा डोंगर आणि पांढरा डोंगर या अर्थाने करिगुड्डा आणि बिळीगुड्डा अशी त्याच्या दोन शिखरांची नावे आहेत. नैर्ऋत्येला म्हैसूर रस्त्यावर रामनगरचे डोंगर आहेत. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या 'शोले'मुळे ते सगळ्या देशाने पाहिलेले आहेत.

यांतल्या कित्येक नावांत 'दुर्ग' आहे, हे लक्षात घ्या. सह्याद्रीप्रमाणे इथेही अवघड डोंगर पाहून किल्ले बांधले गेले. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते, तेव्हाही हे दुर्ग होतेच. पुढे तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कॉर्नवॉलिसच्या सैन्याने १७९१ च्या ऑक्टोबरात नंदीदुर्ग आणि डिसेंबरात सावनदुर्ग घेतला. जो गुळगुळीत, उभा कातळ शत्रूला अडवण्यासाठी उपयोगी पडला, त्याच कातळावर आज आपण मौजेसाठी चढतो.

२. पायाखालचा खडक

सह्याद्रीत चढलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो खडकाचा. सह्याद्री बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यातून तो घडला. म्हणून तिथे पायऱ्यांसारखे टप्पे, माच्या, सोंडा आणि नाळा दिसतात. चढताना आपण एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जातो आणि मध्ये मातीची पाऊलवाट असते.

बंगळुरूजवळचे डोंगर ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांचे आहेत. सावनदुर्ग आणि रामनगर ज्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यात येतात, त्याला रामनगरच्या जुन्या नावावरून 'क्लोजपेट ग्रॅनाइट' म्हणतात. त्याचे वय सुमारे २.५ अब्ज वर्षे आहे. हा खडक जमिनीच्या पोटात खोलवर थंड झाला. वरचे थर कोट्यवधी वर्षांत झिजून गेल्यावर त्याच्यावरचा दाब कमी झाला, तो किंचित फुगला आणि त्याला पृष्ठभागाशी समांतर भेगा पडल्या. मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटू लागले. या प्रकारच्या विदारणाला अपपर्णन म्हणतात. त्यातून घुमटासारखे, सपाट जमिनीतून एकदम वर आलेले डोंगर तयार होतात. समुद्रातल्या बेटांसारखे दिसतात म्हणून त्यांना द्वीपगिरी असे नाव आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की इथे बऱ्याच ठिकाणी पाऊलवाट नसते. तुम्ही थेट उघड्या कातळावरून, बुटाच्या तळव्याच्या घर्षणावर चालता.

उदाहरण १. उतारावर उभे राहिल्यावर बूट घसरू लागण्याचा कोन घर्षणगुणांकावर अवलंबून असतो. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच घर्षणगुणांक. समजा, कोरड्या ग्रॅनाइटवर रबरी तळव्याचा घर्षणगुणांक ०.८ आहे. मग घसरण्याचा कोन सुमारे ३९° येतो. त्याच खडकावर दव किंवा घसारा, म्हणजे सुटलेल्या खडकाचा बारीक चुरा असेल आणि गुणांक ०.४ वर आला, तर तो कोन सुमारे २२° होतो. म्हणजे चढताना जो ३०° चा उतार आरामात पार केला, तोच उतरताना घसारा असेल तर पाय धरून ठेवणार नाही.

उतरत्या हिवाळ्यात पाऊस नसल्याने कातळ कोरडा असतो आणि पकड उत्तम मिळते. या काळात या डोंगरांवर चढण्यात मजा येण्याचे हे मोठे कारण आहे. पावसाळ्यात याच कातळावर शेवाळ धरते. मात्र पहाटे खोलगट जागी दव असू शकते आणि चुरा तर वर्षभर असतो. उतरताना गुडघे किंचित वाकवा, पावले छोटी टाका आणि पूर्ण तळवा टेकवा. टाच रोवून उतरण्याची सह्याद्रीतली सवय इथे घात करते.

डोंगरावर जाण्याआधी हा खडक शहरातच पाहता येतो. कोरमंगलापासून जवळच असलेल्या लालबागेत केंपेगौडांचा बुरूज ज्या खडकावर उभा आहे, तो सुमारे ३ अब्ज वर्षे जुना नाइस खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. एखाद्या संध्याकाळी त्याच्यावर चढून-उतरून बुटाची पकड तपासा.

३. ढगांचा समुद्र कसा तयार होतो?

नंदी किंवा स्कंदगिरीच्या माथ्यावरून खाली पांढऱ्या धुक्याचा समुद्र आणि त्यातून डोके काढलेले डोंगर, हे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. हे चित्र दोन वेगळ्या कारणांनी दिसू शकते. पावसाळ्यात ढगच खाली असतात आणि माथा त्यांच्यात बुडतो किंवा त्यांच्यावर येतो. हिवाळ्यातले धुके मात्र जमिनीवरच जन्मते. आपण या दुसऱ्या प्रकाराचा विचार करू.

नेहमी उंचीबरोबर तापमान कमी होते. दिवसा हवा चांगली घुसळलेली असताना आणि ती कोरडी असताना हा दर किलोमीटरला सुमारे ९.८° से. असतो. नंदीचा माथा शहरापेक्षा साधारण ५६० मीटर उंच आहे. म्हणजे दुपारी माथ्यावरची हवा शहरापेक्षा सुमारे ५.५° से. थंड असायला हवी.

हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री हे गणित उलटते. ढग नसल्याने जमिनीतली उष्णता थेट आकाशात निघून जाते. जमीन थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओघळत दरीत साचते. पहाटे दरीतली हवा माथ्यापेक्षा काही अंशांनी थंड असू शकते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. साचलेली थंड हवा दवबिंदूपर्यंत पोहोचली, की तिच्यातल्या बाष्पाचे धुके होते. वरची उबदार हवा त्याच्यावर झाकणासारखी बसते, म्हणून धुक्याचा पृष्ठभाग इतका सपाट दिसतो.

म्हणून पायथ्याशी गाडीतून उतरल्यावर सर्वांत जास्त कुडकुडायला होते, आणि चढू लागल्यावर उबदार वाटते ते फक्त चढण्याच्या श्रमाने नव्हे. माथ्यावर मात्र वारा असेल तर घामाने ओला झालेला शर्ट गार पडतो. एक पातळ जाकीट सॅकमध्ये ठेवावे ते त्यासाठी.

उदाहरण २. समजा, जानेवारीच्या एका संध्याकाळी हवेचा दवबिंदू १६° से. आहे आणि पहाटेपर्यंत दरीतले तापमान १५° से. पर्यंत उतरते. तापमान दवबिंदूच्या खाली गेले, त्यामुळे धुके पडेल. आता फेब्रुवारीअखेरची एक रात्र घ्या. पहाटेचे तापमान तेवढेच, १५° से. आहे, पण दवबिंदू १०° से. आहे. हवा अजून ५° थंड व्हायला हवी होती. धुके पडणार नाही आणि दवही जवळपास नसेल.

दवबिंदू का उतरतो? बंगळुरूला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात परतीचा आणि ईशान्य मान्सूनचा पाऊस मिळतो. संक्रांतीच्या सुमारास तळी भरलेली आणि माती ओलसर असते, म्हणून रात्रीच्या हवेला बाष्प मिळते. जानेवारी आणि फेब्रुवारीत पाऊस नगण्य असतो. माती वाळते, तळ्यांच्या कडा उघड्या पडतात आणि हवा कोरडी होत जाते. ढगांचा समुद्र पाहायचाच असेल तर जानेवारी गाठा. त्यानंतर तो दिसला तर नशीब समजा, आणि दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. त्या वेळी पाहण्यासारखे दुसरे बरेच काही असते.

सूर्य वर आला, की जमीन तापते, हवा पुन्हा घुसळू लागते आणि आठ-नऊच्या सुमारास धुके विरते. म्हणजे हा सगळा देखावा फार तर दोन-अडीच तासांचा आहे.

४. पहाटेचे आकाश आणि उशिरा उगवणारा सूर्य

वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असतो. पण सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. त्यामुळे घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांत फरक पडत जातो. बंगळुरूला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पावणेसातच्या सुमारास होतो. म्हणजे उतरत्या हिवाळ्यात सूर्योदय पाहण्यासाठी तुम्हाला थोडी जास्त झोप मिळते. माथ्यावरून क्षितिज खोल दिसत असल्याने सूर्य शहरापेक्षा सुमारे तीन मिनिटे आधी दिसतो, हेही जमेस धरा.

त्याआधीचे आकाश सोडू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटे पाचच्या सुमारास, दक्षिण क्षितिजाच्या थोडे वर नरतुरंग तारकासमूहातले दोन तेजस्वी तारे शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यांच्या उजवीकडे त्रिशंकूचा छोटा क्रूस. बंगळुरू १३° उत्तर अक्षांशावर असल्याने हे तारे इथून महाराष्ट्रापेक्षा पाच-सहा अंश वर येतात. हवा कोरडी असल्याने ते स्वच्छ दिसतात. फक्त एक अडचण आहे. नंदीवरून दक्षिणेला पाहिले तर शहराच्या दिव्यांचा उजेड आड येतो. पश्चिमेकडच्या किंवा नैर्ऋत्येकडच्या एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी, वाट उघडण्याची वेळ होईपर्यंत थांबलात, तर ते जास्त चांगले दिसतील.

उजाडल्यावर पाहण्यासारखे काय? या डोंगरांभोवतीचे जंगल शुष्क पानझडी प्रकारचे आहे. शिशिरात पाने गळतात आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. नंदी आणि सावनदुर्गाच्या खडकाळ झुडपांत पिवळ्या गळ्याचा बुलबुल दिसू शकतो. हा पक्षी फक्त दक्षिण भारतातल्या खडकाळ टेकड्यांवरच आढळतो. रामनगरच्या रामदेवर बेट्टावर २०१२ साली गिधाडांसाठी अभयारण्य झाले. लांब चोचीची गिधाडे तिथल्या कड्यांवर याच महिन्यांत घरटी करतात. त्यामुळे त्या कड्यांजवळ गाणी लावणे किंवा ड्रोन उडवणे म्हणजे पिलांच्या जिवाशी खेळ आहे.

५. दहानंतर काय होते?

आता त्याच कोरड्या, निरभ्र हवेची दुसरी बाजू पाहू.

उदाहरण ३. दुपारी सूर्य किती उंच असतो ते काढण्यासाठी ९० मधून अक्षांश वजा करा आणि सूर्याची क्रांती मिळवा. बंगळुरूचा अक्षांश १३° धरू. २२ डिसेंबरला क्रांती −२३.५° असते, म्हणून सूर्याची उंची ९० − १३ − २३.५ = ५३.५°. १५ फेब्रुवारीला क्रांती सुमारे −१३° असते, म्हणून उंची ६४°. १ मार्चला ती सुमारे ६९.५° होते. पुण्याचा अक्षांश १८.५° आहे, तिथे १५ फेब्रुवारीला हीच उंची ५८.५° असते.

सपाट जमिनीवर पडणारी उष्णता या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. साइन ६४° भागिले साइन ५३.५° हे उत्तर सुमारे १.१२ येते. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारचे ऊन डिसेंबरपेक्षा अंदाजे १२ टक्के तीव्र असते. त्यात झाडांची पाने गळून गेलेली असतात. डिसेंबरात जिथे सावली होती, तिथे आता काटक्या आहेत.

याहून मोठा परिणाम कातळाचा आहे. ओल्या मातीवर पडलेली बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कोरड्या खडकात वाफ करायला पाणीच नसते, सगळी उष्णता तो तापण्यात जाते. अकराच्या सुमारास तुम्हाला वरून ऊन आणि खालून तापलेला कातळ असे दोन्हीकडून भाजले जाते. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असे वाटते आणि पाणी पिण्याचे राहून जाते. डोके दुखणे, मळमळणे, पाय लटपटणे, पोटरीत गोळे येणे ही उष्णतेच्या त्रासाची पहिली लक्षणे आहेत. ती दिसली तर चढणे तिथेच थांबवा, सावली शोधा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडा आणि क्षारमिश्रित पाणी घोटाघोटाने प्या. कुणी असंबद्ध बोलू लागला तर तो थकवा समजू नका. ती वैद्यकीय आणीबाणी आहे, ११२ वर फोन करा.

तापमान वाढल्यावर आणखी एक जीव सावध होतो. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तराचा उग्र वास, मोठा आवाज किंवा भिरकावलेला दगड यांनी या माश्या उठतात. उठल्या तर चेहरा झाकून, शक्य तितक्या लवकर तिथून दूर जायचे. मात्र उतारावर आंधळेपणाने धावू नका.

इथे बर्फाच्या डोंगरांशी एक तुलना करता येते. गुलमर्ग किंवा औलीला उतरत्या हिवाळ्यात स्कीइंग करणारे लोकही सकाळीच निघतात. रात्री गोठलेले बर्फ पहाटे घट्ट असते, दुपारी ते पाणचट होते आणि उतारावरून सुटू शकते. तिथे बर्फ आहे आणि इथे कातळ, पण नियम एकच आहे. उतरत्या हिवाळ्यात डोंगराची सकाळ तुमची असते, दुपार उन्हाची.

६. वणवा: या हंगामाची खरी कसोटी

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरांत ट्रेकला गेलेल्या तरुणांच्या गटांना वणव्याने उतारावर गाठले. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, कर्नाटकातल्या बंडीपूरमध्ये हजारो हेक्टर जंगल जळाले. दोन्ही घटनांचे महिने पुन्हा वाचा. हाच आपला उतरता हिवाळा आहे.

आगीला तीन गोष्टी लागतात: इंधन, प्राणवायू आणि ठिणगी. पावसाळ्यात वाढलेले गवत जानेवारीत वाळते. फेब्रुवारीत पानगळीचा थर त्यावर पडतो. हवा कोरडी असल्याने या इंधनात ओल उरत नाही. ठिणगी मात्र बहुतेक वेळा माणूसच देतो. विझवायची राहिलेली शेकोटी, सिगारेटचे थोटूक, मुद्दाम पेटवलेले गवत यांतून ती येते.

उदाहरण ४. आग उतारावर वर चढते तेव्हा तिच्या ज्वाला पुढच्या गवताकडे झुकतात आणि ते आधीच तापवून वाळवतात. ढोबळ नियम असा आहे की उतार दर १०° नी वाढला, की आगीचा वर चढण्याचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर ताशी १ किलोमीटरने सरकणारी आग २०° उतारावर ताशी ४ किलोमीटरने चढेल. पाठीवर सॅक घेऊन अशा उतारावर चढणाऱ्या माणसाचा वेग ताशी २ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आगीच्या वर पळून तिच्यापासून सुटता येत नाही.

म्हणून धूर दिसला किंवा जळका वास आला तर हे लक्षात ठेवा. माथ्याकडे पळू नका आणि घळीत शिरू नका, कारण घळ धुराड्यासारखी काम करते. आडवे सरका आणि आगीच्या बाजूने खाली उतरा. जिथे गवत नाही अशी जागा गाठा. बंगळुरूजवळच्या डोंगरांची एक जमेची बाजू इथे उपयोगी पडते. रुंद, उघडा कातळ जळत नाही. चढताना असे मोठे कातळ कुठे आहेत ते मनात नोंदवत जा. अंगावर सुती कपडे असावेत, कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. सगळ्यांनी एकत्र राहा आणि ११२ वर कळवा.

शेकोटीबद्दल वेगळे सांगायला हवे. पहाटेच्या थंडीत पायथ्याशी चार काटक्या पेटवाव्यात असे वाटणे साहजिक आहे. कर्नाटक वन कायदा, १९६३ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. पण कायद्याचा विचार बाजूला ठेवला, तरी राखेखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो आणि दहानंतरचा वारा तो फुलवतो, एवढे कारण पुरेसे आहे. चहा थर्मासमध्ये न्या.

याच कारणाने या काळात वनखाते काही वाटा बंद करते. ते अडवणूक म्हणून करत नाहीत. शिवाय, जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत पश्चिम घाटातल्या कुमार पर्वतावर प्रचंड गर्दी उसळली आणि त्यानंतर कर्नाटकात ट्रेकसाठी ऑनलाइन नोंदणीवर भर देण्यात आला. स्कंदगिरी, सावनदुर्ग यांसारख्या वाटांवर जाण्यापूर्वी वनखात्याच्या 'अरण्य विहार' संकेतस्थळावर वाट उघडी आहे का, वेळ कोणती आणि किती जागा शिल्लक आहेत ते आदल्या दिवशी पाहा. रात्री चोरून चढू नका. या जंगलांत बिबटे आणि अस्वले आहेत, आणि नोंद नसलेल्या माणसाला शोधायला कुणी येत नाही.

७. कोरमंगलाहून एक सकाळ

आतापर्यंतचे सगळे एका दिवसात बसवून पाहू. सावनदुर्गाचे उदाहरण घेऊ.

आदल्या दिवशी नोंदणी करा, दोन जोड्या मोजे आणि पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. माणशी तीन लिटर पाणी, दोन केळी, थोडे शेंगदाणे-गूळ किंवा संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू, क्षारांची पुडी, टोपी, विजेरी आणि शिट्टी एवढे पुरे. घरमालकाला किंवा खोलीतल्या मित्राला कुठे जात आहात आणि कधीपर्यंत परत येणार ते लिहून द्या.

पहाटे साडेचारला निघा. त्या वेळी शहरातले रस्ते मोकळे असतात. तेच अंतर आठ वाजता दुप्पट वेळ घेते. नंदीला जायचे असेल तर शनिवार-रविवार टाळा. सूर्योदयाआधी पायथ्याशी गाड्यांची इतकी रांग लागते की कित्येकांचा सूर्य रांगेतच उगवतो. मधल्या वारी कॉलेजला सुट्टी असेल तो दिवस सोन्याचा समजा.

पायथ्याशी पोहोचल्यावर तारे पाहा, वाट उघडली की चढायला लागा. पहिल्या अर्ध्या तासात वेग कमी ठेवा. चढताना दर पंधरा-वीस मिनिटांनी वळून मागे पाहा. कातळावर पाऊलवाट नसल्याने उतरताना दिशा चुकते, आणि मागे वळून पाहिलेले दृश्यच परतीची खूण असते. सावनदुर्गाच्या माथ्यावर नंदीचा छोटा मंडप आहे. तिथे बसून खा, कचरा परत सॅकमध्ये घाला.

साडेनऊला उतरायला लागा. माथा अजून अर्ध्या तासावर असेल आणि घड्याळात साडेनऊ झाले असतील, तरीही उतरा. हा नियम पाळणे सगळ्यांत कठीण आहे, म्हणून तो निघण्याआधीच सगळ्यांनी मान्य करावा. अकराच्या आत पायथ्याशी, आणि दुपारी कोरमंगलातल्या एखाद्या खाणावळीत ताक-भात. संध्याकाळी अभ्यासाला बसता येते, हा आणखी एक फायदा.

सारांश

उतरत्या हिवाळ्यातली हवा कोरडी, निरभ्र आणि शांत असते. रात्री याच हवेमुळे जमीन झपाट्याने थंड होते, तापमानाची विपरीतता तयार होते आणि बाष्प असेल तोवर दरीत धुके साचते. याच हवेमुळे तारे स्वच्छ दिसतात आणि कातळ कोरडा राहून पकड देतो. दिवसा याच हवेमुळे कातळ तापतो, शरीरातले पाणी नकळत कमी होते आणि गवत पेटण्याजोगे होते. म्हणून या हंगामात चढाई पहाटे सुरू करावी, दहाच्या आत उतार धरावा आणि आग कोणत्याही कारणासाठी पेटवू नये.

स्वाध्याय

१. तुमच्या गावाचा अक्षांश घेऊन १५ फेब्रुवारी आणि १ मार्चला दुपारी सूर्य किती उंच असेल ते काढा. बंगळुरूशी तुलना करा.
२. एका पहाटे दरीत तापमान १३° से. आणि दवबिंदू १२° से. आहे. धुके पडेल का? दव पडण्याची शक्यता कुठे जास्त, गवतावर की हवेत? कारण द्या.
३. बेसाल्टच्या आणि ग्रॅनाइटच्या डोंगरावरून उतरण्याच्या पद्धतीत फरक का करावा लागतो?
४. तुमच्या जवळचा एक डोंगर निवडा. त्याच्यावर वणव्यापासून आसरा देणाऱ्या जागा कोणत्या असतील, याचा कच्चा नकाशा काढा.
५. 'होळी जळाली, थंडी पळाली' यासारखी ऋतू बदलाची म्हण तुमच्या बोलीत किंवा शेजारच्या भाषेत आहे का? ती कोणत्या तिथीशी जोडलेली आहे आणि तुमच्या अक्षांशाशी ती जुळते का, ते तपासा.